उरलेले अकरा चौकोन

रिनाच्या पिशवीत त्या दिवशी मोजायचा कापडी टेप होता, नायलॉनच्या दोरीचं वेटोळं होतं, लिहायचे छापील तक्ते आणि जंगल खात्याच्या परवानगीची झेरॉक्स होती. पाण्याची बाटली नव्हती. एप्रिल सरत आला असताना, चंद्रपूरच्या उन्हात, दिवसभर जंगलात काम करायचं असलेलं माणूस पाण्याशिवाय निघत नाही, हे तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आलं.

गडचिरोलीहून सकाळची गाडी पकडून ती निघाली. चामोर्शी गेलं, आष्टीचा पूल गेला, आणि गोंडपिपरीच्या अलीकडे येनबोथलीच्या फाट्यावर ती उतरली. डावीकडे गेलं की दहा मिनिटांत तिचं घर. घरात तिची आई, कांताबाई. उजवीकडची वाट जंगलात जाते. रिना उजवीकडे वळली.

ती वनस्पतीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्प साधाच होता. गावाजवळच्या जंगलात दहा बाय दहा मीटरचे पंचवीस चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातल्या एकेका झाडाचं नाव लिहायचं आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून पुढे टाकायचा. चौदा चौकोन ऑक्टोबरातच झाले होते. ते तिने एकटीने केले नव्हते. तिचे वडील सोमाजी जंगल खात्यात वनमजूर होते. पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण सालीवरून नुसता हात फिरवला तरी झाड ओळखायचे. बुंध्याला टेप गुंडाळायचे आणि मोठ्याने सांगायचे, "येन... एकशे बारा. धावडा... चौसष्ट." मग मान वळवून विचारायचे, "लिहिलं का?"

"लिहिलं, बा."

दिवाळीच्या आधी, जमिनीवर झोपलेले असताना, सोमाजींना मण्यार चावली. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले. त्या संध्याकाळी त्यांनी रिनाला फोन केला होता. ती खोलीवर मैत्रिणीशी बोलत बसली होती. "बा आहे, मग करतो," म्हणून तिने तो कापला. तो मग कधी आलाच नाही.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर ती परत गडचिरोलीला आली, वर्गात बसली, हसलीसुद्धा. जानेवारीपासून मात्र सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायलाच जमेना. अंघोळ राहू लागली. चंचल, तिची खोलीतली सोबतीण, डब्यातली पोळी झाकून ठेवायची, ती संध्याकाळी तशीच असायची. "एकदा डॉक्टरले दाखव ना," चंचल म्हणायची. रिना भिंतीकडे तोंड करायची. शिष्यवृत्ती अडकली होती. आईने धानाच्या रोवणीच्या मजुरीतून साठवून परीक्षेच्या फॉर्मसाठी पाठवलेले पैसे खोलीच्या भाड्यात गेले, आणि आईला तिने फोनवर सांगितलं, फॉर्म भरला. मार्गदर्शक मॅडमनी निरोप धाडला की सोमवारी तक्ते आले नाहीत तर वर्ष गेलं.

म्हणून ती आली होती. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं होतं.

पंधरावा चौकोन आखेपर्यंत अकरा वाजून गेले. एकटीने टेप धरायचा, खिळा ठोकायचा, परत येऊन लिहायचं. एका झाडाला पाच मिनिटं जायला लागली. सागाची पानं गळून पडली होती, सावली नव्हतीच. पाय पडेल तिथे पापड मोडल्यासारखा आवाज. मोह जवळजवळ संपला होता, पण खाली राहिलेली फुलं उन्हाने आंबून त्यांचा गोडसर, घशाशी येणारा वास जागच्या जागी तुंबला होता. झाडांवरचे किडे एका सुरात किरकिरत होते. सहा झाडं झाल्यावर रिना खाली बसली. उठावंसं वाटेना. इथेच बसून राहावं, ऊन काय करायचं ते करेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्याची तिला भीतीही वाटली नाही.

तेवढ्यात किडे थांबले.

एकदम. कोणी दार लावून घ्यावं तसे.

"येन," समोरच्या झाडांमागून आवाज आला. "अठ्ठ्याण्णव."

रिना हलली नाही. सोमाजी भूत मानत नसत. "मेलेला माणूस मातीत गेला, बाई. त्याले काही काम नाई उरत," असं ते म्हणायचे. तीही मानत नव्हती. पण मधे थोडं थांबून आकडा सांगायची ती ढब, आकड्याच्या शेवटी खाली उतरणारा तो सूर...

"लिहिलं का?"

तिचा हात आपोआप तक्त्यावर गेला. येन, ९८.

"लिहिलं, बा," ती म्हणाली.

मग काम भराभर व्हायला लागलं. रोहन... सत्तर. बीजा... एकशे चार. टेंभर... एकावन्न. दिसत कोणीच नव्हतं. झाडामागे वाळली पानं मोडायची, टेप सालीवरून सरकल्याचा आवाज यायचा, मग नाव, मग आकडा. रिना लिहीत त्या आवाजामागे जात होती. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं. तहान नव्हती, पाय दुखत नव्हते. दोरी मागे राहिली, चौकोन मागे राहिला, हे तिला कळलं. कळूनही काही वाटलं नाही. सूर्य मात्र डोक्यावरून तसूभर सरकला नव्हता. वासही बदलला होता. मोहाचा गोडवा जाऊन पावसाळाभर बंद राहिलेल्या घोंगडीसारखा दमट, कुबट वास यायला लागला होता.

"लटारू," आवाज म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी."

तिने लिहिलं. लिहिल्यावर वाचलं. लटारू हे झाड नव्हे. लटारू त्यांच्या शेजारचे म्हातारे. ती दहावीत असताना गेले होते.

"बा...?"

"वच्छला... बहात्तर."

वच्छला तिची आजी, तीही गेलेली. रिनाचा हात थांबत नव्हता. पेन स्वतःच पुढच्या ओळीवर उतरत होतं.

"सोमाजी... नव्वद. लिहिलं का?"

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती लिहीत होती.

"चैतू... शहाऐंशी."

त्यानंतर बराच वेळ काही नाही. वाळल्या पानावरचं पाऊल जवळ आलं. अजून जवळ. मग ते तिच्या पाठीमागे आलं.

"हात वर कर, बाई," आवाज अगदी हलक्याने म्हणाला. "अजून एक राह्यलं..."

शिंप्यासमोर उभी असल्यासारखे रिनाने दोन्ही हात वर केले. पाठीला काहीतरी गार लागलं, काखेखालून पुढे आलं आणि छातीवर हळूहळू आवळू लागलं. तिने डोळे मिटून घेतले. आता आकडा येईल, आणि मग काही करायचं उरणार नाही, असं तिला वाटलं. खरं तर तिला बरं वाटलं.

आकडा आला नाही. कोणीतरी तिची वेणी धरून तिला एवढ्या जोरात मागे ओढलं की ती पाठीवर आपटली.

"रिने! पोरी, मराले चालली का व?"

डोळे उघडले तर वर शकुबाईचा घामाने डबडबलेला चेहरा. शकुबाई गावातली, बकरी चुकली म्हणून शोधत आली होती. रिनाच्या पायांपासून हातभर अंतरावर जमीन संपली होती. रस्त्यासाठी मुरूम काढून काढून केलेली जुनी खदान, दोन पुरुष खोल, तळाशी नुसते दगड. तिच्या चौकोनांपासून ही खदान चांगली अर्धा कोस लांब. आणि ऊन कलंडलं होतं. चार वाजून गेले होते.

"कोणासंग बोलून राह्यली होती?" शकुबाईने विचारलं. "मी चार हाका मारल्या. तू आपली लिहून राह्यली, लिहून राह्यली..." बोलता बोलता तिची नजर खाली गेली. "अन् हे काय गुंडाळून घेतलं?"

रिनाच्या छातीभोवती टेपचा वेढा होता. गाठ पाठीमागे मारलेली होती. शकुबाईने ती नखांनी सोडवली. रिनाच्या मनगटाला धरून तिने तिला घरापर्यंत आणलं.

कांताबाईंनी पोरीला आधी पाणी पाजलं, मग ओला पदर डोक्यावर ठेवला. रिनाने त्या रात्री सगळं सांगून टाकलं. जंगलातलं नंतर, आधी बाकीचं. फॉर्म भरला नाही. तीन महिने वर्गात गेली नाही. सकाळी उठवत नाही. उठून काय करायचं तेच कळत नाही. आणि तो फोन.

"बाचा फोन मी कापला, माय. मरायच्या दिवशी."

कांताबाई रागावल्या नाहीत. बराच वेळ तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या.

"त्यानं फोन काऊन केला होता, मालूम आहे?" त्या म्हणाल्या. "नाल्यावर त्याले एक झाड दिसलं. नाव नाई आलं त्याले. म्हणे, पोरीले विचारतो, तिले पुस्तकातलं येत असन. तू उचलला नाई तं हासला. म्हणे, अभ्यास करून राह्यली असन, उद्या विचारू. हासत हासत जेवला व. पोटभर जेवला."

रिना रडली. जानेवारीपासून पहिल्यांदा आवाज काढून रडली.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण झालं. कांताबाईंनी तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. जंगलातल्या आवाजाबद्दल ते म्हणाले की ऊन, तहान, न झोपलेलं डोकं आणि दुःख, एवढं एकत्र आलं की माणसाला काहीही ऐकू येतं. रिनाला ते पटलं. मॅडमना तिने खरं सांगितलं. त्यांनी विभागात बोलून तीन आठवडे वाढवून घेतले. फॉर्मचे आणि विलंब शुल्काचे पैसे थोडे मोहाच्या विक्रीतून, थोडे चंचलकडून उभे राहिले. आणि उरलेले अकरा चौकोन तिघींनी मिळून पुरे केले: सकाळी सहा ते नऊ, टेपच्या एका टोकाला कांताबाई, दुसऱ्या टोकाला शकुबाई. शकुबाई एका हाताने टेप धरायची आणि दुसऱ्या हातात काठी. कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, एवढीच तिची अट होती. रिना पहिल्या वर्गात पास झाली.

त्या दिवशीचे तक्ते तिने प्रकल्पात लावले नाहीत, फाडलेही नाहीत. निकालाच्या संध्याकाळी आई अंगणात तांदूळ पाखडत होती. रिनाला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. तिने कागद काढला आणि जरा हसतच वाचून दाखवला. लटारू. वच्छला. सोमाजी. कांताबाई मान हलवत होत्या.

"अन् हा एक चैतू. आपल्या गावात तं चैतू कोणीच नाई, माय."

सूप थांबलं.

"हे नाव तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. तिथीच ऐकलं."

कांताबाई उठून घरात गेल्या, दिवा लावला, परत येऊन बसल्या. मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. रिनाच्या आधी, तीन वर्षं आधी, एक मुलगा झाला होता. चैत्रात. रडलाच नाही. सोमाजींनी त्याला कापडात गुंडाळून जंगलात नेऊन पुरलं, खदान व्हायच्या आधी तिथे माळ होता, त्यावर. जायच्या आधी दोघांनी त्याचं नाव ठेवलं, चैतू. ते नाव त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आजीलासुद्धा नाही.

"त्याच्या पुढं आकडा किती आहे?"

"शहाऐंशी."

कांताबाईंनी दोन्ही तळवे जोडून पुढे धरले. "एवढा होता," त्या म्हणाल्या. "एवढासा."

शहाऐंशी सेंटिमीटर म्हणजे वाढलेल्या, जवान माणसाची छाती. दोघींनाही ते कळलं. खूप वेळाने, जेवणं झाल्यावर, भांडी घासता घासता कांताबाईंनी पाठमोरंच विचारलं, "शहाऐंशी म्हणजे किती नंबरचा शर्ट होते व?"

"चौतीसचा," रिना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाजारातून चौतीस नंबरचा एक निळा शर्ट आणला, कोणाला न दाखवता लोखंडी पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. रिनाने पाहिलं. तिला चामोर्शीच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायचं काम मिळालं, गोळ्या कमी झाल्या, ती झोपायला लागली.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा पेटीतून चादर काढायला आईने तिला किल्ली दिली. शर्ट तळाशी होता. दुकानातली घडी तशीच होती, टाचण्या होत्या, किमतीची चिठ्ठी होती. रिनाने तो सहज उचलून नाकाशी नेला. धुराचा आणि उन्हाचा वास आला. तिने टाचणी न काढता कॉलर हलकीच उलटली. आतल्या बाजूला, मानेला लागते तिथे, घामाची पिवळी रेघ होती. दिवसभर जंगलात राबून आलेल्या माणसाच्या कॉलरला असते तशी. ती अजून ओली होती.