चौदा तारखेचा विसावा

चिंचवड स्टेशनासमोर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावल्यापासून दौलतरावांनी तीन म्हशी आणि एक पळालेला जावई शोधून काढला होता. जावई पुन्हा पळाला, तो भाग वेगळा. म्हणून सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात नानासाहेब पाटी वाचून आत आले, तेव्हा ज्योतीराम बाकावर सरसावून बसला. ज्योतीरामचा टांगा होता. गिऱ्हाईक नसलं की तो दौलतरावांचा मदतनीस असे, म्हणजे बहुतेक वेळ.

“माझा पक्षी चोरीला गेलाय,” नानासाहेब म्हणाले.

“कधी?”

“तेच कळत नाही. घरात मोजले तर एकही कमी नाही.”

ज्योतीरामने हळूच विचारलं, “मालक, ह्येंना पानी देऊ का?”

नानासाहेबांनी पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. ते बजरीगर पाळत. चिमणीपेक्षा थोडे मोठे, रंगीत पोपट. चिंचवडच्या बजरीगर मंडळाचे ते अध्यक्ष. प्रदर्शनाचा कप सलग सात वर्षं त्यांच्याच घरी. यंदा तो कोंडाजीच्या एका हिरव्या पक्ष्याने नेला. कोंडाजी पिंपरीच्या कारखान्यात फिटर.

“त्याची जोडी बाजारातली. तिच्या पोटी असलं लिंबाएवढं डोकं येणं नाही. ते डोकं माझ्या घराण्याचं आहे. बारा वर्षं खपलोय मी त्या डोक्यासाठी.”

“पायात खूण काय?”

“कोंडाजीच्या नंबराचं बंद वाळं. तिथंच गाडं अडतं. पिल्लू आठवड्याचं असताना वाळं पायात जातं. नंतर पंजा वाढतो; मग ते ना चढत, ना उतरत.”

“म्हणजे पक्षी त्याच्याच घरी वाढला.”

“हो. आणि तरी तो माझा आहे.” नानासाहेबांनी उपरणं सारखं केलं. “रविवारी सभा आहे. कोंडाजीला चोर ठरवून काढणार. त्याच्याबरोबर कारखान्यातले चौघं जातील. एके काळी बावीस जण होतो, दौलतराव. मग उरू मी आणि चिटणीस.”

“आणि तो चोर नसला तर?”

“म्हणून तर सभेआधी आलो.”

नानासाहेबांच्या घरी पक्ष्यांना स्वतंत्र खोली होती. बाहेरून बाजार भरल्यासारखा कलकलाट ऐकू येत होता. तिघं आत शिरले मात्र, पन्नास पक्षी अंग चोरून गप्प झाले.

“परका माणूस दिसला की असंच,” नानासाहेब म्हणाले. “घरचं कुणी आलं तरच पुन्हा बोलतील.”

“तुमी घरचंच की,” ज्योतीराम म्हणाला.

“मी तुमच्याबरोबर आलोय ना. आता माझ्यावरही संशय.”

त्यांनी वही उघडली. मादी दिवसाआड एक अंडं घालते, पहिल्यापासूनच उबवायला बसते, आणि प्रत्येक अंडं अठरा दिवसांनी फुटतं. त्यामुळे पिल्लंही दिवसाआडच येतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

“ही माझी सर्वांत चांगली जोडी. अंडी जानेवारी दहा, बारा, सोळा, अठरा.”

“चौदाला?”

“विसावा. मादी कधी कधी दिवस चुकवते. संध्याकाळी घरट्याच्या मडक्यात पाहिलं, नवीन काही नव्हतं. तसं लिहिलंय.”

“पिल्लू, अंडं, कुणाला देता?”

“घराणं बाहेर देत नाही मी.”

एवढ्यात रुक्मिणीबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे टेकवला, आणि एक निळा पक्षी कुरकुरू लागला. मग दुसरा. कप भरेपर्यंत खोलीत पुन्हा बाजार भरला.

“हिला पिसांनी शिंका येतात,” नानासाहेब म्हणाले. “ही इकडे फिरकत नाही.”

“माझं काम कप घासायचं,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “सात वर्षं घासतेय. आणि निम्मी अंडी पोकळ निघतात तीही टाकतेय. घरातल्या घरात किती सोयरिकी करणार?”

पिंपरीला जाताना ज्योतीराम टांगा हाकत म्हणाला, “कोंडाजीनं वाळं कापून चिकटवलं आसंल.”

“चिकटवलेलं वाळं परीक्षकाला दिसलं नसतं?”

“मंग न्हाई चिकटवलं,” ज्योतीरामने लगेच मान्य केलं.

कोंडाजी लातूरकडचा. पत्र्याच्या खोलीत तारेचा एकच पिंजरा, त्यात टांगलेलं एक मडकं, आणि वर तो लिंबाएवढ्या डोक्याचा हिरवा पक्षी.

“मी चोरी केलो नाही,” तो म्हणाला. “नानासाहेबांच्या खोलीत पाय सुद्धा ठेवलो नाही. पिल्लू फुटलं की क्यालेंडरावर गोल करतो. बघा तुम्हीच.”

दौलतरावांनी पानं उलटली. जानेवारी अठ्ठावीस, तीस. फेब्रुवारी एक, तीन. एक तारखेभोवती दोन गोल होते.

“हे दोन कसे?”

“त्या दिवशी दोन फुटली. देव दिला.”

“अंडी मोजत नव्हतास?”

“मडक्यात सारखं बघितलं की मादी चिडते. आन् माझी डबल शिफ्ट.”

दौलतराव सोजराबाईकडे, कोंडाजीच्या बायकोकडे वळले. “संक्रांतीला कोण कोण आलं होतं घरी?”

“चाळीतल्या साऱ्याच. आन् रुक्मिणीबाई. येवढी मोठी बाई आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या. तिळगूळ दिल्या, पाणी मागितल्या. मी नळावर जाऊन आले तर बाईंचा अंबाडा सुटलेला. मीच बांधून दिले.”

“बास,” दौलतराव म्हणाले. “उद्या दोघं नानासाहेबांकडे या.”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळे बसले. रुक्मिणीबाई दाराशी उभ्या होत्या.

“नानासाहेब, पक्षी तुमचाच आहे,” दौलतराव म्हणाले. कोंडाजीचा चेहरा उतरला. “आणि कोंडाजी चोर नाही. चोरीला पक्षी गेलाच नाही. अंडं गेलं.”

दौलतरावांनी नानासाहेबांची वही उघडली.

“एक मादी एका दिवशी दोन अंडी घालत नाही. मग एका तारखेला दोन पिल्लं कशी? कोंडाजीच्या जिन्याला एक पायरी जास्त. तुमच्या जिन्याला एक कमी. एक फेब्रुवारीतून अठरा दिवस मागे जा.”

नानासाहेबांनी बोटांवर मोजलं. “चौदा जानेवारी. संक्रांत.”

“तुमच्या मादीने विसावा घेतला नव्हता. अंडं सकाळी आलं आणि तुम्ही संध्याकाळी पाहायच्या आत गेलं.”

“मंग कोंडाजीनंच नेलं,” ज्योतीराम म्हणाला.

“चोर कॅलेंडरवर दोन गोल करून ते लोकांना दाखवत नाही, राव. नेणारा असा हवा की ज्याला पाहून पक्षी गप्प होत नाहीत. आणि त्याच दिवशी जो कोंडाजीच्या घरी एकटा राहिला. अंडं नखाएवढं, कापसात गुंडाळून उबेला ठेवायचं तर अंबाड्याइतकी चांगली जागा नाही. काढताना तेवढा तो सुटतो.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. रुक्मिणीबाईंचा हात नकळत अंबाड्याकडे गेला.

“अगं, तू?” नानासाहेब म्हणाले. “शिंका येतात ना तुला?”

“येतात. पण तुम्ही पुण्याला गेलात की पाखरांना दाणे कोण घालतं, कधी विचारलंत?” त्या शांतपणे म्हणाल्या. “पहिल्या वर्षी कप आणलात तेव्हा वीस माणसं चहाला आली होती. गेल्या वर्षी कुणी नाही. हरायलाही माणसं लागतात, अहो. तुम्ही मागून दिलं नसतंत, म्हणून न मागता नेलं. पण त्यापायी यांना चोर म्हणतील, हे मला सुचलं नाही. रविवारी सभेत मीच सांगणार होते.”

नानासाहेबांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी पेन्सिल घेतली, ‘विसावा’ खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘अंडे घातले.’

“कोंडाजी, कप तुझाच,” ते म्हणाले. “वाढवलंस तू. सभेत हे मी सांगेन, ही नाही.”

कोंडाजीने मान डोलावली. सोजराबाई मात्र म्हणाली, “मग आता चहा तरी करा, बाई.”

पुढच्या संक्रांतीला रुक्मिणीबाई तिळगुळाचा डबा घेऊन निघाल्या. बाहेर ज्योतीरामचा टांगा उभा होता. हे मला त्यानेच सांगितलं, आणि ज्योतीराम कधी निम्म्याहून जास्त खोटं बोलत नसे. नानासाहेब पक्ष्यांच्या खोलीतून बाहेर आले. हातात थोडा कापूस होता.

“थांब,” ते म्हणाले. “अंबाडा जरा सैल बांध. यंदा दोन न्यायची आहेत.”