दाराशी लावलेले बूट

सासूबाईंच्या स्मृतिदिनाला त्यांच्या फोटोपुढे आकान तळ्यातले तळलेले वाकासागी ठेवायचे, एवढ्यासाठी योशिहारू गोठलेल्या तळ्यावर बसला होता. वाकासागी म्हणजे बोटभर मासा. योशिहारूच्या बुडाखाली हातभर बर्फ, बर्फाखाली थंडगार पाणी आणि पाण्याखाली ज्वालामुखी. ही उतरंड त्याला मुळीच पसंत नव्हती.

तंबूत सासरे तोकुझो, बायको चिझुरू आणि सहा वर्षांची नानाए होती. खाली चटई अंथरली होती, त्यामुळे साहजिकच सगळ्यांनी बूट बाहेर काढले होते. तोकुझोंनी चारही जोड, टोकं बाहेर करून, ओळीने लावले होते. बर्फावर असलं म्हणून काय झालं, घर ते घर.

तळं खालून कण्हलं.

"बाबा, हा आवाज..." योशिहारू म्हणाला.

"तळं कूस बदलतंय. जावईबापू, गळाकडे बघा. नानाएने तुमच्या दुप्पट मासे धरलेत."

"त्यांना घाबरायलाच दोन्ही हात लागतात," चिझुरू म्हणाली.

कडाड्! तंबूच्या दारातून भेग धावली. पाणी उसळलं. बूट ओळीनेच, शिस्तीत पाण्यात गेले.

कुणी हसलं नाही. तोकुझोंनी सुरीने तंबूची मागची बाजू फाडली. सगळे बाहेर पडले. मोज्यांतले तळवे बर्फाला चिकटायला लागले. सकाळी जिथून निघाले तो बोटींचा धक्का कोसभर लांब होता. पण डावीकडे, दोनशे पावलांवर, किनाऱ्यावरचा चिखल उकळत वाफा सोडत होता. उबदार जमीन! योशिहारूने नानाएला पाठीवर घेतलं आणि तो तिकडे धावला.

"जावईबापू, थांबा! वाफेजवळचा बर्फ कागदासारखा असतो!"

पाय आत गेला. गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. त्याने नानाएला पाठीवर आणखी वर सरकवलं.

तोकुझोंनी तंबूमागून ओढत आणलेली माशांची घसरगाडी उपडी केली. दिवसभराचे मासे बर्फावर विखुरले. म्हातारा पालथा पडला आणि त्याने दोरी धरून रिकामी गाडी पुढे ढकलली.

"आधी पोर."

नानाए गाडीवर सरकली. चिझुरूने दोरी ओढली. गाडी पुन्हा आली. योशिहारूने गाडीला मिठी मारली. बर्फ कुरकुरला, वाकला, पण त्याने योशिहारूचा पाय सोडला.

मग तंबूपाशी परत येऊन फाडलेल्या कापडाच्या चिंध्या आठही पायांना बांधल्या. ओल्या पायावर चिझुरूने चटई गुंडाळली. नानाए गाडीवर बसली आणि कोसभराची ती वाट सुरू झाली. दर कण्हण्याला सगळे जागच्या जागी थिजायचे.

"बाबा, आताही कूस बदलतंय का?" योशिहारूने विचारलं.

"माहीत नाही," तोकुझो हळूच म्हणाले. "आता मलाही भीती वाटतेय. बोलू नका, चाला."

एवढी वर्षं सासऱ्यांच्या तोंडून हे ऐकायची योशिहारूची इच्छा होती. आता ऐकल्यावर त्यांनी ते परत घ्यावं असं त्याला वाटलं.

धक्क्यावरच्या खानावळीचं दार उघडलं तेव्हा त्यांना बोटं हलवता येत नव्हती. मालकीणबाई "आत या, आत या" म्हणून ओरडत होत्या. तोकुझो मात्र उंबऱ्यातच बसले. त्यांनी सगळ्यांच्या पायांच्या चिंध्या सोडल्या आणि चारही जोड, टोकं बाहेर करून, ओळीने लावले.

संध्याकाळी फोटोपुढे रिकामी बशी होती.

"यंदा मासे नाहीत," तोकुझो फोटोतल्या बायकोला म्हणाले. "माणसं आणलीत. मोजून घे."