मागचा पत्रा

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण यात एक अक्षर खोटं नाही.

हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी बायको. माहेरी तिला चिमी म्हणतात, कारण अंगानं अगदी काडी. तिखटमीठ लावून सांगायची तिला सवय नाही. ते खातं माझ्याकडे आहे, असं तीच म्हणते.

मागच्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे चार वाजलेले. रात्र नाही, अमावास्या नाही. बाहेर लख्ख ऊन होतं.

जागा म्हणाल तर एक लॉन्ड्री. लोक आपले कपडे आणतात, मशीनमध्ये टाकतात आणि बाकावर बसून राहतात, तसली.

चिमीचे बाबा अशी मशीन दुरुस्त करतात. तीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस वर्षं आई त्यांच्या बरोबर जायची.

त्याचं कारण साधं होतं. कपडे वाळवायचे मोठे ड्रायर एकावर एक असे दोन बसवलेले असतात. मागे भिंत आणि मशीन यांच्यामध्ये वीतभराहून जेमतेम जास्त जागा. बाबांचं पोट तिथे शिरायचं नाही. आई आडवी होऊन आत जायची आणि मागचा पत्रा उघडून बघायची. बाबा पुढे बटणांपाशी.

ड्रायरच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून त्यांनी ठोके ठरवले होते. आई दहा नंबरच्या पान्यानं ड्रायरच्या अंगावर ठोकायची.

एक ठोका, चालू कर.

दोन ठोके, बंद कर.

तीन ठोके, मी बाहेर आले, आता मागचा पत्रा लाव.

तीन ठोके ऐकल्याशिवाय बाबांनी कधी बाजूनं हात घालून पत्रा बसवायला घेतला नाही. आई म्हणायची, "घरी घसा कोरडा केला तरी ऐकत नाही हा माणूस. इथे टकटक केली की लगेच हजर."

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

त्या दिवशी लॉन्ड्रीवाल्या बाईंचा चिमीला फोन आला. आवाज जरा दबलेला.

"अगं, तुझे बाबा दुपारी एकला आलेत. ड्रायर कधीच दुरुस्त झाला. पण ते मागचा पत्रा लावत नाहीत. मला लावू देत नाहीत. नुसते बसलेत. तू ये बाई."

चिमी गेली. लॉन्ड्री रिकामी होती. बाई दारातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. बाबा बाकावर, मांडीवर हात ठेवून बसलेले. ड्रायर बंद होता, प्लग काढलेला. बाजूला सरकवून ठेवलेल्या वॉशिंग मशीनला मागचा पत्रा टेकवलेला.

"बाबा, काय झालं?"

"वरचा ड्रायर फिरत होता, पण तापत नव्हता," बाबा म्हणाले. "मागच्या नळीत कपड्यांची लव साठली होती. हवा जाईना म्हणून गॅस बंद पडत होता. शेजारचं मशीन सरकवलं, बाजूनं हात घालून नळी साफ केली."

"मग झालं की."

"मग मी चालू केला. एक ठोका न ऐकता. पहिल्यांदाच. ती गेल्यावर ड्रायरचं काम आजच घेतलं."

बाबांनी ड्रायरकडे बघितलं.

"दोन मिनिटं झाली असतील. आणि मागून..."

 चिमीला पुढचं कळलं होतं.

"दोन ठोके आले. टक. टक. माझा हात आपोआप बटणावर गेला. बंद केला. आत बघतो तर माझं फडकं बर्नरजवळ राहिलेलं. कड काळी पडली होती."

फडकं विसरायची बाबांची खोड जुनीच. आई दर वेळी त्यावरून त्यांना फैलावर घ्यायची. सगळीकडे लव पसरलेली. आणखी दोन मिनिटं गेली असती तर लॉन्ड्री पेटली असती.

"आता ती आत आहे, चिमे. तीन ठोके आलेले नाहीत. मी पत्रा कसा लावू?"

 चिमी शेजारी बसली. बाबांचा हात धरला. तेव्हा बाबा जे बोलले ते त्यांनी आठ महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दवाखान्यात नळी होती ना तिच्या घशात. बोलता येत नव्हतं. श्वासाचं मशीन रात्रंदिवस चालू. एका सकाळी तिनं कॉटच्या दांडीवर बोटातली अंगठी वाजवली. दोनदा. माझ्याकडे बघून."

"बाबा..."

"मला कळलं होतं गं. डॉक्टरांना म्हटलं, हात थरथरतोय तिचा. मशीन चालू ठेवा म्हटलं. रोज वाजवायची ती. शेवटी शेवटी जोर राहिला नव्हता, तरी वाजवायची. एकोणीस दिवस. अठ्ठावीस वर्षं दोन ठोक्यांवर थांबलो, आणि तेव्हाच नाही थांबलो."

चिमीला राग आला. खूप आला. पण ज्याच्यावर काढायचा तो माणूस फडक्याची जळकी कड बोटानं कुस्करत बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिला आई आठवली. त्या एकोणीस दिवसांत चिमीही रोज जात होती. तिलाही वाटायचं, अजून एक दिवस. फक्त एक.

ती उठली.

"मी बघते मागे," म्हणाली. "तुम्ही पुढे थांबा."

अंगानं आईवर गेलेली. आडवी होऊन आत शिरली. हातात बाबांच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर होता.

तिनं मनात ठरवलं होतं. तीन ठोके आपणच द्यायचे. खोटं तर खोटं. बाबा पत्रा लावतील, घरी येतील, दोन घास खातील.

आत अंधार होता. उबट वास. जमिनीवर लवेचा जाड थर, आणि त्यावर कुणाचंही पाऊल नाही. फक्त तिचं.

तिनं हात वर केला...

तेवढ्यात...

टक.

टक.

टक.

तिच्या कानाशी. ड्रायरच्याच अंगावर. तिचा हात हवेतच होता.

ते ठोके संथ होते, असं चिमी सांगते. घाई नव्हती. काम झाल्यावर आई द्यायची तसेच.

पुढून बाबांचा आवाज आला. "ऐकलं."

चिमी कशी बाहेर आली तिला आठवत नाही. कोपर खरवडलं होतं. बाबा पत्रा उचलून उभे होते. तिच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे त्यांनी बघितलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू ठोकलंस. कळलं मला, वेडे."

"नाही बाबा. मी नाही. आईची शपथ."

"बरं," बाबा म्हणाले. लहान मुलाची समजूत घालावी तसं. "तुझ्यासाठी लावतो."

आणि त्यांनी पत्रा लावला. सहा स्क्रू. एकेक करून, अगदी हळू पिळत.

मी नंतर चिमीला म्हटलं, पत्रा थंड होताना वाजतो कधी कधी. ती म्हणाली, वाजत असेल, पण मोजून तीनदा वाजत नाही.  

तिनं बाबांना परत परत सांगितलंय. रडून सांगितलंय. बाबा ऐकून घेतात, हसतात, म्हणतात, "गुणाची गं माझी पोर."

दर रविवारी चारला ते त्या लॉन्ड्रीत जातात. काम नसलं तरी जातात. बाई आता त्यांना काही विचारत नाहीत, चहा आणून ठेवतात.

मागच्या रविवारी मी त्यांना आणायला गेलो होतो. सगळी मशीन बंद होती. बाबा त्या ड्रायरला कान लावून उभे होते.

मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"जरा थांबा जावईबापू," ते हळूच म्हणाले. "ती अजून बाहेर आलेली नाही."