पंचेचाळीस लिटरची टाकी

पंपावर नोझल टक् करून थांबलं की मास्तरांचं समाधान होत नसे. "अजून घाला थोडं," म्हणत ते गाडी गदागदा हलवायला लावत आणि डिझेल टाकीच्या गळ्याशी दिसेपर्यंत भरून घेत. एरवी हात आखडता, पण टाकीच्या बाबतीत सढळ. गाडी बावीस वर्षांची, टाकीच्या माथ्यावरचं रबरी सील पिचलेलं. एवढं भरल्यावर तिथून पाझरणारच. दोन वर्षांपूर्वी ती याच तक्रारीपायी दोघा भावांच्या गॅरेजात आली होती. नवं सील बसवल्याचं थोरल्याने सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी धाकट्याची बायको शाळेच्या वळणावर सांडलेल्या डिझेलवरून स्कूटरसकट घसरली आणि जागीच गेली. डिझेल कुणाच्या गाडीचं, ते कधी कळलं नाही. तेव्हापासून धाकटा येईल त्या गाडीचं बूड डोळ्यांत तेल घालून तपासायचा. ती गाडी एकदा सापडावी, एवढंच त्याला हवं होतं. "ट्रक असेल एखादा. किती छळशील जिवाला?" असं म्हणत थोरला त्याला हाताने भरवायचा. मास्तरांची गाडी तेवढी धाकट्याने कधी तपासली नाही. तिचं काम दादाने केलं होतं.

त्या दुपारी मास्तर गाडी घेऊन आले. "आठवडाभर मी थेंब भरलेला नाही रे. तरी काटा वर चढतोय, आणि गळतंय."

"काट्याचंही वय झालं, मास्तर," धाकटा हसून म्हणाला आणि ते गेल्यावर टाकी रिकामी करायला बसला. वीस लिटरचे दोन कॅन भरले. तिसराही भरला. चौथा अर्धा झाला तरी धार बोटभर जाडच होती आणि काटा वरच्या रेघेला टेकलेला. टाकी पंचेचाळीसची होती. त्याने एकेक कॅन उचलून पाहिला. सगळे जड होते.

"राहू दे ते," थोरला म्हणाला. तो मघापासून शटरपाशीच उभा होता. "गाडी परत पाठव."

"का रे दादा?"

"सीट उचलू नकोस."

सीटचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

धाकट्याने मागची सीट उचलली, तिच्याखालच्या टाकीच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. खाली तेच जुनं, पिचलेलं सील होतं. भेगेत कपड्यांचा साबण दाबून भरलेला. गळती घटकाभर थांबवायची ही युक्ती धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. दोन वर्षांत त्या साबणाचा दगड व्हायला हवा होता. तो मऊ होता. त्यावर अर्ध्याच अंगठ्याचा ठसा होता. थोरल्याचा अंगठा कधीकाळी इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात सापडून अर्धा राहिला होता.

"सील मिळालं नव्हतं," थोरला म्हणाला. "दोन दिवसांचाच प्रश्न होता. मास्तरांनी पुन्हा गळ्यापर्यंत भरली, ती वळणावर हिंदकळली."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

ज्याच्या खांद्यावर दोन वर्षं रडला, त्यानेच केसाने गळा कापला होता. धाकट्याला रडू आलं नाही, किळस आली.

"जा," तो म्हणाला.

गाडीखालचं डिझेल उताराने गटाराकडे जायला हवं होतं. ते चढ चढून थोरल्याच्या चपलांपर्यंत आलं होतं. तो ओले ठसे उमटवत निघून गेला.

दिवेलागणीला वहिनीचा फोन आला. "भावोजी, हे अजून घरी आले नाहीत."

धाकटा ठशांमागे निघाला. ते वाळले नव्हते. शाळेच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, ते संपले.

तिथून टायरची एक बारीक ओली रेघ सुरू झाली होती. ती मागच्या गल्लीने गॅरेजाच्या मागल्या दारात आली.

आत प्लास्टिकखाली बायकोची स्कूटर होती. पुढचं चाक चेपलेलं, दोन वर्षांत जागचं न हललेलं.

टायरच्या खाचांतून डिझेल ठिबकत होतं.

मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीवर ओला साबण लागला होता. त्यात अर्ध्या अंगठ्याचा ठसा होता.