तिसऱ्या कडव्याचा खर्ज

"कुणाला मुतायला जायचं असेल तर आत्ताच जा," कितिओने आजोबा म्हणाले. "मधेच उठलात तर एकटं जावं लागेल."

पोरांतलं कुणी उठलं नाही. माका तेवढा बसल्या बसल्या वीतभर पुढे सरकला.

"पेनी माहितेय ना? तो जाडा, खर्जात गातो तो. त्याचीच गोष्ट. त्यानं स्वतः सांगितलीय मला. आणि खोटं रचायला जे डोकं लागतं, ते पेनीकडे नाही."

गेल्या ऑगस्टातला दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी खुद्द राजा गावच्या चर्चमधे येणार होता. राजाच्या पणजोबांनी गावच्या गाणाऱ्या मंडळींना एक गाणं बहाल केलं होतं. राज्याभिषेक असो नाहीतर मयत, राजवाड्यात ते गाणं म्हणायचा मान अख्ख्या टोंगात याच गावाचा. चार पिढ्या झाल्या. अट एकच, गाणं कागदावर उतरवायचं नाही. तालमीत फळ्यावर खडूनं सूर लिहायचे, आपल्या त्या तीन ते नऊ आकड्यांत, एका सुराला एक आकडा, आणि तालीम संपली की पुसून टाकायचे.

घोळ तिथेच झाला. तिसऱ्या कडव्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजाची चाल, एकट्या काफोआ मास्तरांच्या डोक्यात होता, आणि मास्तर मार्चमधे गेले. आजारी पडल्यावर त्यांनी तीनदा निरोप धाडला होता, पेनी, ये, शिकून घे. पेनी तिन्ही वेळा रग्बी बघत बसला.

आणि आता राजवाड्याचा कारभारी येऊन सांगून गेलेला. राजाला तिन्ही कडवी ऐकायचीत, पूर्ण. नाही जमलं तर मान कोलोतोहा गावाला.

"म्हणजे सगळं पेनीमुळे," माका म्हणाला.

"गावानं दिवसातून दहादा ऐकवलं त्याला. तू अकरावा."

तर त्या शनिवारी रात्री साडेअकराला पेनीचा फोन वाजला. मास्तरांची मुलगी लोसे, आता मंडळींना तीच शिकवते. "फळा पुसायचा राहिलाय रे. बाराच्या आत जाऊन पुसून ये. एवढं तरी नीट कर."

पेनी निघाला. वाटेत पोरं मुळ्या कुटून केलेला कावा पीत बसली होती. "ये रे जाड्या, एक वाटी घे." एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. जीभ जड झाली. तालमीच्या हॉलवर पोचून त्यानं मोबाइल बघितला, तर बारा वाजून पाच मिनिटं.

रविवार लागला. आणि रविवारी काम करणं आपल्याकडे नुसतं पाप नाही, गुन्हा आहे. फळा पुसणं म्हणजे काम का? पेनीनं पाच मिनिटं डोकं खाजवलं. पुसावा तर देव रागावणार. ठेवावा तर सकाळी कोलोतोहाची माणसं दारातून आकडे वाचून जाणार. शेवटी त्यानं तोडगा काढला, इथेच बसून राखण करायची. राखण म्हणजे काही काम नाही, कुठल्याही पोलिसाकडे बघून कळतं.

दार आतून लावलं. दिवा लावला नाही, उगाच कुणी बघायला नको. बाकावर बसला.

टक्.

फळ्याच्या कडेवर काठी आपटल्यासारखं.

"कोण आहे?"

कुणी नाही.

टक्. टक्.

मग अंधारातून कुणीतरी सूर दिला. बारीक, नाकातून. हंऽऽ...

तुम्हालाही ठाऊक आहे, सूर मिळाला की आपलं तोंड आपोआप उघडतं. दुधाच्या दातांपासूनची खोड. पेनीनं विचारच केला नाही. सूर उचलला. पहिलं कडवं गायला. दुसरं गायला. मधे थांबायला बघत होता... थांबता येईना.

फळ्यावरची दोन कडवी संपली. तो गप्प झाला.

टक्.

"पुढचं येत नाही मला," पेनी अंधाराला म्हणाला.

मग त्याच नाकातल्या आवाजात पुढची ओळ आली. सावकाश. पोरांना शिकवतात तशी.

पेनीच्या अंगातला कावा खाडकन उतरला.

टक्. त्याची पाळी.

तो गायला. चुकला.

टक्. पुन्हा.

चुकला.

टक्. पुन्हा.

"मास्तर..." पेनी म्हणाला. "मी यायला हवं होतं."

...

टक्. पुन्हा.

चार वाजता पहाटेच्या प्रार्थनेचा लाकडी ढोल वाजला तेव्हा काठी थांबली. पेनीनं मोबाइलचा उजेड मारला. दार आतून बंद होतं. फळ्यावर खर्जाची दोनच कडवी होती, होती तशी.

"मग चर्चमधे?" माकानं विचारलं.

चर्चमधे तिसरं कडवं आलं. बाकीच्यांनी आपापले सूर धरले आणि खालून पेनीचा खर्ज उठला. लोसेचा हात हवेत तसाच राहिला. मग डोळे पुसत ती पुढे ताल देऊ लागली. एका जागी पेनी जरासा घसरला, सातच्या जागी सहा लागला. केसाएवढा फरक. लोसेला कळलं नाही, शेजारच्यांना कळलं नाही. राजा स्वतः उठून लोसेपाशी आला. मान गावाकडेच राहिला. त्या दिवशी सहा डुकरं भाजली, रविवारी चूल तेवढी चालते. पेनीनं घासही खाल्ला नाही.

"का?"

आजोबा माकाकडे वळले.

"सोमवारी पहाटे तो फुलं घेऊन मास्तरांच्या कबरीवर गेला. वरची पांढरी वाळू लोसेनं शनिवारी संध्याकाळीच सपाट केली होती. आजूबाजूला एक पाऊल उमटलेलं नव्हतं. कुत्र्याचंसुद्धा नाही."

"आणि?"

"वाळूवर आकडे होते. बोटानं काढलेले. तिसऱ्या कडव्याचा अख्खा खर्ज, ओळीनं..."

आजोबांनी जमिनीवर बोट टेकवलं.

"आणि त्यातल्या एका सातच्या भोवती गोल. दोनदा गिरवलेला."