छातीतला राखण्या

शिवदास लोहाराच्या ओंकारचं लग्न झालं, ते दोन हजार एकेचाळीस साल. ऐन अक्षता पडत असताना नवरदेवाच्या आईला फिट आली. मांडवातली माणसं सवयीने शिवदासच्या भट्टीकडे पळाली. कुरणवाडीत कुणालाही फेफरं आलं की तिथली छिन्नी त्याच्या मुठीत द्यायची रीत होती. नवरदेवाच्या आईच्या, रत्नमालेच्या मुठीत तीस वर्षं तीच छिन्नी दिली जात होती आणि तिने कधी काही थांबलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या छातीत, कातडीखाली, बिस्किटाएवढं यंत्र बसवलं. त्याची तार मानेतल्या एका मज्जातंतूला गुंडाळली. यंत्र दिवसभर त्या तंतूतून थोडी थोडी वीज सोडायचं आणि मेंदूत झटका उठतोय असं कळलं की जोर वाढवून त्याला जागीच बसवायचं. गावाने त्याला राखण्या म्हणायला सुरुवात केली. पुढे वर्ष-दीड वर्ष एकही फिट आली नाही.

पण ती वीज घशालाही लागायची. रत्नमालेचा आवाज घोगरा झाला. एके काळी तिच्या पाळण्यांशिवाय गावात बारसं होत नसे. आता बोलावणी थांबली, तीही कुणाकडे जाईनाशी झाली.

मग ओंकारला मुलगी झाली. आजीला नातीच्या बारशात पाळणा म्हणायचाच होता. आरोग्य केंद्रातल्या तरन्नुम सिस्टरनी तिला एक चपटा चुंबक दिला आणि शिवदासला बसवून नीट समजावलं. चुंबक छातीवर धरला की राखण्या झोपतो, काढला की उठतो. झोपेत त्याला झटका दिसतो, पण हात उचलता येत नाही. म्हणून दहा मिनिटं, त्यावर नाही.

बारशाच्या दुपारी चार वाजता रत्नमालेने चुंबक पोलक्यात सरकवला.

"दोनच पाळणे म्हणते, मग काढते."

"मी बाहेर बसून ऐकतोय," शिवदास म्हणाला.

"ऐका की. तीस वर्षांत कधी ऐकलंत?"

आत बायका, बाहेर ओसरीवर पुरुष. शिवदास हातातल्या घड्याळाकडे बघत बसला. आवाज लख्ख होता. त्या दोघांचं लग्न झालं तेव्हाचा. पण हा आवाज आहे तोवर राखण्या झोपलेला आहे, हे त्या घोळक्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

दुसरा पाळणा संपला. बायकांनी आणखी एक म्हणायचा आग्रह धरला. बारा मिनिटं झाली होती. तिसऱ्याच्या मध्यावर आवाज एकदम फाटला, इतका खरखरीत त्याने कधी ऐकला नव्हता. म्हणजे चुंबक काढला. शिवदासने श्वास सोडला.

दोन ओळींनंतर आवाज पुन्हा लख्ख झाला.

तो उठला आणि उंबऱ्यापर्यंत गेला. पाळण्याभोवती बायकांची दाटी होती. त्याच्या मेहुणीने वाट अडवली.

"दाजी, बाळंतिणीच्या खोलीत तुमचं काय अडलंय? घुगऱ्या बाहेर येतील."

बायका हसल्या. पोलक्यातली वस्तू काढ, असं चारचौघींत बायकोला कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. रत्नमालेने त्याच्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि पुढचं कडवं उचललं. शिवदास लाजून मागे फिरला. तो ओसरीवर पोचण्याआधीच आत गाणं तुटलं आणि पाळण्याची साखळी खणखणली.

चितेवर असली यंत्रं फुटतात, म्हणून राखण्या आधी काढावा लागला. त्यातली नोंद तरन्नुम सिस्टरनी शिवदासला वाचून दाखवली. चार वाजून तेरा मिनिटांनी चुंबक निघाला. त्याच क्षणी मोठा झटका उठताना दिसला, यंत्राने पूर्ण जोर लावला. वीस सेकंदांनी चुंबक परत ठेवला गेला. मग झटका वाढत गेला, तो राखण्याला काळीज थांबेपर्यंत नुसता दिसत राहिला.

"झटका येतोय हे तिला कळलं होतं का, सिस्टर? का नुसता आवाज फाटला म्हणून ठेवला?"

सिस्टरनी नोंद पुन्हा खालपर्यंत वाचली. त्यात तेवढं लिहिलेलं नव्हतं.

रत्नमाला शिवदास लोहार, वय बावन्न, चार फेब्रुवारी दोन हजार त्रेचाळीस रोजी, नातीच्या बारशाच्या दिवशी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास वारली.