मिटलेल्या कळ्या

कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोपवाटिकेतला तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या कवेत लिलीची फुलं होती. टपोरी, पूर्ण उमललेली, दारातून आत येताना दोन्ही हातांत न मावणारी. फुलं पाहताच तिथं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या कपाळावर आठी उमटली.

"ही कुणी मागवली?"

"तुम्हीच ना, मॅडम? लिली हवीय म्हणून रोपवाटिकेत फोन आला होता. म्हटलं, न्यायचीच आहेत तर सगळ्यात देखणी न्यावीत."

"मला कळ्या हव्या होत्या. मिटलेल्या, हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्या. उमललेल्या फुलात माझ्या कामाचं सगळं केव्हाच उरकलेलं असतं."

"म्हणजे बैल गेला आणि झोपा केला म्हणा की!"

ती हसली... आणि आपल्याच हसण्याला दचकली. घरी आई खुर्चीला खिळल्यापासून ती असं हसलीच नव्हती.

मग दर आठवड्याला तो कळ्या घेऊन येऊ लागला. देऊन निघून जायचं, तर रेंगाळायचा. विद्यार्थ्यांसाठी ती कळीतले केसर काढायची, रंगाच्या थेंबात चिरडायची, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्यानं दाबायची.

"जोर लावायचा, पण अंगठा सरकू द्यायचा नाही. सरकला की सगळ्याचा लगदा."

त्यानं कितीतरी काचांचा लगदा केला.

"तुमच्या अंगठ्याला फक्त कुदळ कळते, माळीबुवा."

"कुदळीला तरी मी कळतो. तुम्हाला कधी कळणार?"

ती मान खाली घालून उगाचच स्वच्छ काच पुन्हा पुसायची.

एका दुपारी त्याची काच साधली. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. तिनं सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला आणि बाजूला झाली — पण फार नाही.

"अळ्याच अळ्या! जोडीजोडीनं बिलगल्यात की."

"गुणसूत्रं आहेत ती. प्रत्येक जोडीत एक आईकडचं, एक बापाकडचं. एरवी एका घरात राहून एकमेकांना विचारत नाहीत. पण परागकण तयार व्हायचे असले की शेजारी येतात, आपापले तुकडे एकमेकांना देतात..."

"आणि मग?"

"मग वेगळी होतात. एक इकडे, एक तिकडे. कुठल्या जोडीतलं कोण कुणीकडे जाईल, नेम नाही. म्हणून प्रत्येक कण निराळा. माणसांतही तेच. एका आईची दोन मुलंसुद्धा सारखी नसतात."

"म्हणजे तुमच्यासारखी दुसरी होणे नाही?" त्याचा डोळा अजून नळीलाच होता. "तर मग दुसरी शोधण्यात अर्थ काय... लग्न कराल माझ्याशी?"

तिनं टेबलावरचा हात काढून घेतला.

"माझ्या आईच्या एका जोडीत एक धागा धड आहे, एक बिघडलेला. बिघडलेला आजीकडून आला. मला दोहोंतला एकच मिळालाय — कोणता, ते मी तपासून घेतलेलं नाही."

"बिघडलेला असला तर?"

"तर चाळिशीच्या आसपास हात आपोआप उडायला लागतात. मग पाय. मग बोलणं, मग डोकं. औषध नाही. आणि माझ्या पोटी जे येईल, त्याच्याही नशिबी हाच छापा-काटा."

त्यानं नळीवरून डोळा काढला आणि तिच्याकडे वळला.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "आईला बघा. मग काय ते विचारा — विचारावंसं वाटलं तर."

त्यानं पळून जावं म्हणून तिनंच वाट झाडून ठेवली होती.

तो आला. आईच्या खुर्चीच्या हातांना उशा बांधलेल्या होत्या. खांदे उडत होते, मान झटके घेत होती. जीभ जड झाली होती, तिखटपणा मात्र शाबूत होता.

"हाच का तो फुलवाला?"

"कळीवाला, काकू."

"तोंड आहे हं याला... पाणी दे. ती नको, तू दे."

पेला ओठांपाशी पोचला आणि हात उडाला. पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. मुलीनं दाराकडे पाहिलं. आता उठेल. आता जाईल.

"नीट बघून घे," आई एकेक शब्द ढकलत होती. "माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. ही उद्या अशी झाली तर? माझ्याकडे बघून सांग."

त्यानं पेला पुन्हा भरला, आईच्या मुठीत दिला आणि वरून आपला हात धरला. अंगठा तिच्या बोटांवर टेकवला. झटका आला. कोपर उडालं, खांदा उडाला — अंगठा हलला नाही. आई एक घोट प्यायली. मग आणखी एक.

"भीती वाटते, काकू," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण मला विचारायचंय ते तेच आहे."

"येडा आहेस," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मुलीनं खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"तपासणीला... येशील माझ्याबरोबर?" पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली.

"येईन. आणि निकाल काहीही लागला तरी मी —"

"नको. तसलं वचन नको देऊस. नुसता ये."

तेवढ्यात पेला धरलेला आईचा हात पुन्हा उडाला. मुलगी झटकन पुढे झाली आणि तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. खाली आईचा हात थरथरत होता.

"सरकू देऊ नकोस," ती पुटपुटली.